वजन कोठें आहे?

ज्या घरांत एके काळीं चेतक स्कूटर होती, आणि पुण्यामुंबईकडे ती नव्हती असें मध्यमवर्गीय घर विरळाच, त्या घरांतील मंडळींस एक गोष्ट आठवत असेल. त्या स्कूटरचें इंजिन मधोमध नसून मागील चाकाच्या उजव्या अंगास असे. वजनाचा हा कल चालविणाऱ्याच्या इतका अंगवळणीं पडे कीं, तोल राखण्यासाठीं आपलें शरीर कांहीं वेगळें करीत आहे याची त्यास जाणीवही नसे. मग एखाद्या दिवशीं शेजाऱ्याची मोटारसायकल हातीं आली म्हणजे रस्ता तोच, मनुष्य तोच, चाकेंही दोनच. परंतु पहिल्या दोनचार वळणांवर हात परक्यासारखे वागत. गाडी चालवितां येणें ही एकच विद्या आहे असें आपण समजतों. वस्तुतः आपण शिकलेलों असतों ती एक विशिष्ट गाडी; आणि तिचें वजन कोठें आहे हें आपल्या बुद्धीपेक्षां आपल्या हातापायांनींच अधिक ओळखलेलें असतें.

रोजच्या रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाहीं, कारण तेथें आपण गाडीच्या शक्तीचा लहानसा अंशच वापरतों. तो उघडा पडतो शर्यतीच्या मार्गावर. इंग्लंडांत, आणि आतां थोडाबहुत आपल्याकडेही, 'ट्रॅक डे' नांवाचा एक प्रकार रूढ झालेला आहे. शर्यतीचा मार्ग मोकळा असेल त्या दिवशीं ठराविक फी भरून परवानाधारक मनुष्यानें आपली मोटार तेथें न्यावी व मनसोक्त चालवावी, अशी ही सोय आहे. ती शर्यत नव्हे. घड्याळ लावून फेरी मोजूं देत नाहींत. पुढच्याच्या संमतीवांचून त्यास ओलांडूं देत नाहींत. शिरस्त्राण सक्तीचें असतें. सकाळीं सर्वांस एकत्र बसवून नियम समजावून सांगतात आणि पहिल्या दोनतीन फेऱ्या केवळ मार्ग ओळखण्यापुरत्या, सावकाश घ्यावयाच्या असतात. वेगाची हौस तर आहे, परंतु ती सार्वजनिक रस्त्यावर भागविणें हा गुन्हा आहे हेंही समजतें, अशा मनुष्यानें जावें कोठें, या प्रश्नाचें हें एक बरेंसें उत्तर आहे, असें आमचें मत आहे. हौसच नसावी असें म्हणणारांशीं आम्ही वाद घालीत नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव इंग्लंडांत केंट परगण्यांत नोकरीस आहेत. पांच वर्षें ते माझदा कंपनीची उघड्या टपाची, दोन माणसांची लहान गाडी घेऊन जवळच्याच ब्रँड्स हॅच येथील मार्गावर अशा दिवशीं जात असत. गाडी साधी, पण तिच्यावर त्यांचा हात असा बसला होता कीं, दुप्पट किमतीच्या गाड्या त्यांना वाट करून देत. गेल्या वर्षीं त्यांनीं ती विकून एक जुनी पोर्शे ९११ घेतली. पहिल्या दिवशीं ते पूर्वींपेक्षां मंद गतीनें फिरले. दुसऱ्या दिवशीं पूर्वींचा वेग गांठूं पाहिला, तोंच गाडी स्वतःभोंवतीं गिरकी घेऊन कडेच्या खडींत जाऊन बसली. कोणास इजा झाली नाहीं, परंतु चित्रफीत घरच्या सर्वांनीं पाहिली, आणि स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें, "इतकीं वर्षें जें येत होतें तें चांगली गाडी घेतल्यावर येईनासें कसें झालें?" प्रश्न रागानें विचारलेला होता, पण प्रश्न चांगला होता.

या दोन गाड्या कागदावर एकमेकींच्या फार जवळच्या आहेत. माझदाची एम. एक्स. ५ ही गाडी १९८९ सालीं निघाली; तिच्या पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर २२६५ मिलिमीटर. पोर्शे ९११ ही १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत प्रथम मांडण्यांत आली. (तेव्हां तिचा आंकडा ९०१ असा होता. मध्यें शून्य असलेल्या तीन आंकडी नांवांवर प्याजो या फ्रेंच कंपनीनें आपला हक्क सांगितल्यावर त्या शून्याचा एक झाला.) चिरंजिवांची गाडी १९८० नंतरच्या दशकांतील, आणि तिच्या आंसांमधील अंतर सुमारें २२७० मिलिमीटर. म्हणजे बोटाच्या जाडीएवढाही फरक नाहीं. दोहींतही इंजिनाचा जोर मागच्याच चाकांस जातो. भेद आहे तो इंजिनाच्या जागेचा. माझदाचें इंजिन पुढें असून तिचें वजन दोन्ही आंसांवर जवळजवळ समसमान पडतें. पोर्शेचें इंजिन मागच्या आंसाच्याही मागें लटकलेलें असतें, आणि वजनाच्या शंभर भागांतील सुमारें साठ भाग मागच्या चाकांवर येतात. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांनीं टाटांची नॅनो पाहिली किंवा चालविली असेल. तिचेंही इंजिन मागें होतें, आणि तिचे पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंदीचे असून मागचे १५५ मिलिमीटर रुंदीचे होते. लाखाची गाडी आणि जर्मन श्रीमंतांची गाडी यांचे मागचे टायर पुढच्यांहून रुंद असण्यामागें विचार मात्र एकच.

मोटारीचा रस्त्याशीं संबंध येतो तो चार ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढें. थांबणें, वळणें, वेग घेणें हीं सारीं कामें या चार तळहातांनींच करावयाचीं. टायरची पकड म्हणजे एकत्र कुटुंबाची सामाईक तिजोरी होय. सगळी ब्रेक लावण्यांत खर्ची पडली तर वळणासाठीं कांहीं शिल्लक राहत नाहीं, आणि वळणांत सगळी गुंतली असतां ब्रेक दाबणें म्हणजे नसलेला पैसा काढणें. शिवाय ही तिजोरी एका जागीं स्थिर नसते. ज्या चाकावर भार अधिक त्याची पकड अधिक. आणि ब्रेक दाबतांच भार पुढें सरकतो, वेग वाढवितांच मागें जातो.

किती सरकतो याचा हिशेब गोल आंकडे घेऊन करून पाहूं. समजा, एक गाडी १००० किलोची, वजन पुढें ५०० व मागें ५००. आंसांमधील अंतर सव्वादोन मीटर आणि वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच. चालविणाऱ्यानें इतका कडक ब्रेक लावला कीं, पडत्या वस्तूचा वेग ज्या प्रमाणांत वाढतो त्याच प्रमाणांत गाडीचा वेग कमी होऊं लागला. अशा वेळीं सुमारें २२२ किलो भार मागून पुढें येतो. पुढें ७२२ होतात, मागें २७८ उरतात. आतां दुसरी गाडी १२०० किलोची, पुढें ४८० व मागें ७२०, बाकीचीं मापें तींच. तिच्यांत २६७ किलो सरकतात. पुढें ७४७, मागें ४५३. ज्या वाचकांस आंकड्यांचा कंटाळा आहे त्यांनीं एवढेंच पाहावें कीं, दुसऱ्या गाडीचीं मागचीं चाकें कडक ब्रेकाच्या वेळींही रस्त्यावर नीट टेकून असतात. म्हणून पोर्शेचे ब्रेक विलक्षण चांगले लागतात, आणि म्हणूनच वळणांतून बाहेर पडतांना तिचीं मागचीं चाकें न घसरतां जोर रस्त्यास देतात. तिचें श्रेष्ठत्व आणि तिचा धोका हीं एकाच ठिकाणाहून उगवतात.

धोका दोन ठिकाणीं आहे. पहिला असा कीं, ब्रेक सोडला म्हणजे पुढच्या चाकांवर पुन्हा ४८०च किलो उरतात. नाक हलकें होतें, आणि वळावयास सांगितलें तरी गाडी थोडी सरळच जाऊं पाहते. दुसरा धोका याच्या नेमका उलट. गाडी एकदां वळणांत पुरी शिरली आणि चालविणाऱ्यानें भिऊन ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर इंजिन मागच्या चाकांना मागें ओढूं लागतें, त्याच क्षणीं भार पुढें जातो, मागची पकड दोन्हीं बाजूंनीं कमी होते, आणि टोकाशीं असलेलें तें अवजड इंजिन सरळ रेषेंत जाण्याचा आपला हट्ट सोडीत नाहीं. तालमींत मुद्गल फिरविणारांस हें अधिक सांगावयास नको. वजन मुठीजवळ असलें तर मुद्गल मनगटाच्या ताब्यांत राहतो. तें टोकाशीं असलें म्हणजे तो फिरूं लागण्यास वेळ घेतो, पण एकदां फिरला कीं मनगटासच आपल्याबरोबर ओढून नेतो.

आतां ब्रँड्स हॅचचा मार्ग पाहावा. या मार्गावर डांबर पडलें तें १९५० सालीं. तेथील आंखूड मार्ग दोन किलोमीटरांहूनही थोडा कमी आहे. पण त्यांत सपाट जागा फार थोडी. पहिलेंच वळण, पॅडॉक हिल, उजवीकडचें. त्याच्या तोंडाशीं रस्ता चढून कड्यासारखा एकदम खालीं उतरतो, त्यामुळें गाडी वळत असतांनाच क्षणभर हलकी होते आणि पायथ्याशीं दाबली जाते. मग चढ, व वर ड्रुइड्स नांवाचें चिमट्यासारखें वळण. तेथून उतार, डावीकडचें ग्रॅहॅम हिल, एक लहान सरळ तुकडा, पुन्हा डावें वळण, आणि शेवटीं क्लिअरवेज नांवाचें उजवीकडचें लांबलचक वळण, जें संपतां संपत नाहीं.

माझदांत असतांना चिरंजिवांची एक संवय होती, आणि त्या गाडींत ती अगदीं बरोबर होती. वळणांत गाडी थोडी बाहेर जात आहे असें वाटलें कीं ते पाय किंचित् उचलीत. नाकावर अल्पसा भार येई, नाक आंत ओढलें जाई, मागची बाजू सावकाश, जणूं विचारून, थोडीशी सरके, आणि गाडी पुन्हा रेषेंत येई. पांच वर्षांत हें इतकें मुरलें कीं त्यासाठीं विचाराची गरज उरली नाहीं. त्या दुसऱ्या दिवशीं क्लिअरवेजच्या मध्यावर त्यांना पुढें एक मंद गाडी दिसली. पोर्शेचें नाक आधींच बाहेर धांवत होतें म्हणून त्यांनीं चाक अधिक वळविलेलें. तशांत पाय उचलला. नाकास एकाएकीं पकड मिळाली, मागची बाजू सुटली. त्यांनीं चाक उलट फिरविलें, तेंही माझदाच्या मापानें, म्हणजे थोडें उशिरा आणि थोडें कमी. पुढें काय झालें तें आपण वर पाहिलेंच आहे. जी क्रिया एका गाडींत सांवरण्याची, तीच दुसरींत पाडण्याची. येथें अडाणीपणा कोठें आला? उलट, नवशिक्या मनुष्याचा पाय इतक्या चपळाईनें उचललाच गेला नसता.

स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या वाचकांस हें दुसऱ्या रीतीनें ठाऊक आहे. बिडाच्या जाड तव्यावर जिचा हात बसला आहे ती पोळी फुगण्याच्या आधींच आंच कमी करते, कारण तवा उष्णता धरून ठेवतो. तोच हात पातळ तव्यावर चालविला तर पोळी कच्ची राहते. तेथें पोळी वाया जाते, येथें मोटार. एवढ्यावरून दोहोंचा सारखा विचार करणें कित्येकांस पटणार नाहीं, पण हाताचा धर्म एकच. चिरंजिवांनीं हें सारें आपल्या आजीस फोनवरून समजावून देण्याचा प्रयत्न केला. "अगं आजी, गाडी चांगलीच आहे, फक्त तिचें इंजिन मागें आहे," असें त्यांनीं म्हणतांच आजीबाई उत्तरल्या, "मग बाबा, मागच्याला विचारून वळत जा." या विषयावरील जाड पुस्तकांचें सार याहून फार निराळें नसावें.

गाडी बनविणारांसही हा दोष ठाऊक नव्हता असें नाहीं. प्रारंभींच्या कांहीं गाड्यांत पुढच्या बंपरमागें मुद्दाम वजनें बसविण्यांत आलीं. नंतर १९६९ सालच्या नमुन्यांत मागचीं चाकें ५७ मिलिमीटर मागें सरकवून इंजिनाचा लोंबता भार कमी करण्यांत आला. १९९३ सालीं निघालेल्या आवृत्तींत मागच्या चाकांची जोडणीच निराळ्या पद्धतीची केली. पुढें विजेच्या यंत्रणा आल्या, ज्या चालविणाऱ्याच्या आधींच घसरण ओळखून एकेका चाकास परस्पर ब्रेक लावतात. हल्लींची ९११ त्यामुळें पुष्कळच सौम्य झाली आहे, आणि तें योग्यच झालें. इंजिन मात्र अद्याप मागेंच आहे. चिरंजिवांच्या जुन्या गाडींत यांपैकीं विजेची मदत कांहीं नाहीं. जें सांवरावयाचें तें पायानें.

त्यानंतर त्यांनीं केलें तें आम्हांस आवडलें. तिसऱ्या खेपेस त्यांनीं मार्गावरील एका शिक्षकास पैसे देऊन डाव्या बैठकीवर बसविलें. शिक्षकानें प्रथम त्यांस पुरी पाळी एकाच गिअरमध्यें चालवावयास लाविली. वेगाची आशाच खुंटली म्हणजे मनुष्य भार कसा सरकतो तें ऐकूं लागतो. मग त्यानें तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्या माझदाच्या शिकवणीच्या जवळजवळ उलट आहेत. ब्रेकाचें मुख्य काम सरळ रस्त्यावरच उरकावें, आणि तेंही पूर्वींहून आधीं. वळणाच्या तोंडाशीं ब्रेक एकदम सोडूं नये. तो मुरत मुरत सोडावा, म्हणजे हलक्या नाकावर चाक वळेपर्यंत भार टिकतो. आणि एकदां ॲक्सिलरेटरवर पाय ठेविला कीं वळण संपेपर्यंत उचलूं नये. उचलावा लागेल अशी शंका जरी असली तरी तो ठेवूंच नये, थोडें थांबावें. यांत तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. कारण भीति वाटली कीं पाय उचलणें ही केवळ माझदाची संवय नव्हे, ती मनुष्यप्राण्याची संवय आहे. पायास तिच्याविरुद्ध शिकवावयाचें म्हणजे बुद्धीनें नुसतें मान्य करून भागत नाहीं. शंभर वळणें जावीं लागतात.

त्या शंभर वळणांत एक मोठी अडचण असते, आणि तिचा यंत्राशीं कांहीं संबंध नाहीं. महाग गाडी घेऊन मंद गतीनें फिरावयाचें, आणि मागून एम. एक्स. ५ च येऊन उभी राहावयाची. चिरंजीव लिहितात कीं, त्या दिवशीं तीनदां त्यांनीं हात दाखवून तशाच एका लहान गाडीस वाट करून दिली, आणि तिसऱ्या वेळेस आंतला मनुष्य आभारादाखल हंसला तें त्यांस बरेच दिवस खुपलें. आमच्या समजुतीनें खडींत जाणाऱ्या गाड्यांपैकीं निम्म्याअधिक भौतिकशास्त्रानें जात नाहींत, या हंसण्यानें जातात. सबंध वर्षांत चारपांचच दिवस मिळणार, त्यांपैकीं दोन वाट देण्यांत घालवावयाचे, हें कोणास रुचेल? ज्यास रुचलें त्याचें पुढें जमतें. त्या दिवशीं संध्याकाळच्या पाळींत ड्रुइड्सच्या वळणावर प्रथमच सगळें जुळून आलें. नाक आंत आलें, पाय लौकर ठेवितां आला, मागचीं चाकें रस्त्यास चिकटलीं आणि गाडी उताराकडे अशी निघाली कीं, तेवढ्या लौकर तेवढा जोर माझदांत कधीं देतांच आला नव्हता. पॅडॉक हिलवर मात्र ते अद्याप पूर्वींपेक्षां हळूच जातात. तेथें गाडी हलकी होते त्याच क्षणीं पाय स्थिर ठेवावयाचा आहे, आणि तें अजून साधलेलें नाहीं असें ते स्वच्छ लिहितात.

किरकोळ गोष्टीही बदलाव्या लागल्या. पोर्शेच्या मागच्या टायरांत पुढच्यांहून अधिक हवा भरावी लागते, आणि ती गार असतांना मोजून पुरत नाहीं. कांहीं फेऱ्यांनंतर उष्णतेनें दाब चढतो म्हणून पुन्हा मोजावी लागते. वजन अधिक म्हणून ब्रेकही अधिक तापतात. प्रत्येक पाळीची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरतां, ते निवविण्यासाठीं घ्यावयाची.

आपल्याकडील ज्या तरुणांस हा नाद लागला आहे त्यांस विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें १९९० पासून, कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम येथें २००३ पासून आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें २०११ पासून असे मार्ग आहेत. शेवटचा पांच किलोमीटरांहून लांब, तर कोइमतूरचा सुमारें दोन किलोमीटरांचा. गाडी नवी असेल तर आमचा कौल आंखूड मार्गास आहे. तेथें वेग बेताचा राहतो आणि तींच वळणें पुनःपुन्हां लौकर येतात, हाच त्याचा फायदा. घरच्या वडील मंडळींनीं मात्र एक कागद काढून वाचावा. आपल्याकडील मोटारीच्या नेहमींच्या विम्यांत शर्यत, वेगाची चांचणी वगैरे उपयोग स्पष्ट शब्दांत वगळलेले असतात. तेव्हां मार्गावर गाडीस कांहीं झालें तर भरपाई मिळेल असें गृहीत धरूं नये. इंग्लंडांतही रस्त्यावरचा विमा बहुधा तेथें चालत नाहीं, पण त्या एका दिवसापुरता निराळा विमा विकत मिळतो. चिरंजिवांनीं तो पहिल्या दिवसापासून घेतलेला होता, आणि सगळ्या हकीकतींत आमच्या स्नेह्यांस मनापासून पटलेली गोष्ट काय ती एवढीच.